धुरामागची पानं

इंग्लिश पद्धतीच्या पाइप-तंबाखूचा डबा उघडला की सगळ्यांत आधी नाकाशी येतो तो लॅटाकिया. विझलेलं लाकूड, चामडं, डांबर आणि धूप यांची आठवण देणारा हा वास इतका धीट असतो, की नवखा माणूस त्यावरच निकाल देऊन टाकतो. जाणता पारखी इथे थांबतो. लॅटाकिया कुणालाही ओळखता येतो. त्याच्या मागची पानं ओळखू येतात का, यावर मिश्रणाची खरी किंमत ठरते.

या मिश्रणातली पानं इंग्लंडच्या मातीतली नव्हेत. 'इंग्लिश' हे नाव पडलं ते ती एकत्र आणणाऱ्या लंडनच्या दुकानांमुळे आणि तिथल्या शिस्तीमुळे. तंबाखूत काय मिसळावं यावर ब्रिटिश कायद्याची दीर्घकाळ कडक बंधनं होती. त्यामुळे अत्तरं, पाक किंवा फळांचे अर्क यांच्या आड हलकं पान लपवण्याची सोय नव्हती. चव पानांतूनच काढावी लागे. 1907 मध्ये आल्फ्रेड डनहिल यांनी लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान थाटलं. तिथे गिऱ्हाइकाची आवड विचारून त्याच्यापुरतं मिश्रण बांधून दिलं जाई आणि त्याची कृती क्रमांकासह वहीत नोंदवली जाई. पुढे प्रसिद्ध झालेलं 'माय मिक्श्चर 965' याच परंपरेतलं.

मिश्रणाचा पाया असतो व्हर्जिनिया. हे पान बंद कोठारात, धूर लागू न देता, उष्णतेवर वाळवतात. त्यामुळे ते पिवळं होतं आणि त्यातली साखर टिकते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या स्लेड कुटुंबाच्या शेतावर 1839 मध्ये स्टीफन नावाच्या गुलाम कामगाराच्या हातून तंबाखू अशी पिवळी वाळवण्याची रीत सापडली, असं सांगितलं जातं. दुसरं घराणं ओरिएंटल पानांचं. इझ्मीर, सॅमसून, झँथी या परिसरांतली ही लहान पानं उन्हात वाळतात. त्यांची चव कोरडी, किंचित आंबूस, वनौषधींसारखी असते.

लॅटाकियाला नाव मिळालं सीरियातल्या बंदरामुळे. तोही मुळात ओरिएंटल घराण्यातलाच. वाळलेली पानं कोठारात टांगून खाली लाकूड आणि सुगंधी झुडपं मंद जाळतात. आठवडे लोटतात तशी ती काळी पडतात. सीरियातलं उत्पादन आटलं आणि बाजारात सायप्रसचा लॅटाकिया मुख्य झाला. मिश्रणातली त्याची जागा गोड्या मसाल्यातल्या दगडफुलासारखी असते: नसलं तर मसाला अपुरा, हात सैल सुटला तर बाकी सगळं झाकलं जातं.

चाखणी सुरू होते बोटांपासून. चिमूट दाबून सोडली आणि ती हळूहळू मोकळी झाली, तर ओलावा योग्य. गोळा तसाच राहिला तर तंबाखू कागदावर पसरून थोडी सुकू द्यावी. ओल्या तंबाखूतून वाफ उठते, जीभ पोळते आणि दोष मिश्रणाच्या माथी बसतो. पाइपही तपासून घ्यावा. ब्रायरच्या लाकडात लॅटाकियाचा वास मुरतो आणि पुढच्या तंबाखूत डोकावतो. म्हणून पारखीसाठी स्वच्छ मातीचा किंवा मीरशॉम या खनिजाचा पाइप बरा. तंबाखू तीन चिमटींत भरतात; तळाशी सैल, वर जरा घट्ट. पहिल्या काडीने पान फुगून वर येतं. ते हलकेच दाबून दुसरी काडी लावली की खरी चव सुरू होते.

धूर छातीत ओढायचा नाही. तो तोंडात खेळवून त्यातला थोडा नाकावाटे सोडायचा, कारण धुरातले बारकावे जिभेपेक्षा नाकाला अधिक कळतात. सुरुवातीला लॅटाकियाच बोलतो. मध्यावर तो मागे सरला पाहिजे; व्हर्जिनियाची गवतासारखी, पावासारखी गोडी आणि ओरिएंटलची आंबूस धार तेव्हा पुढे येते. दर काही झुरक्यांनी वेगळं पान पुढे येत असेल, तर बांधणाऱ्याचा हात चांगला. शेवटच्या टप्प्यात उष्णता आणि ओल साचते. पाया कच्चा असेल तर चव इथे सपाट आणि कडवट होते. पक्का असेल तर गोडी राखेपर्यंत सोबत करते. घाईचे झुरके घेऊन कोणतंही मिश्रण नापास करता येतं, म्हणून संथपणा ही पारखीची पहिली अट आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. धूर छातीत न घेताही पाइपमुळे तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. कारागिरीबद्दलचा आदर हा धोका कमी करत नाही.

डनहिलच्या नावाची पाइप-तंबाखू 2018 मध्ये थांबली. त्यातली अनेक मिश्रणं पुढे पीटरसन या पाइप-कंपनीच्या नावाने बाजारात आली आणि जुनं चांगलं की नवं, हा वाद रंगला. तो वाद मिटवायचा तर डब्याचं वय आधी पाहावं लागतं. बंद डब्यात वर्षानुवर्षं व्हर्जिनिया गडद आणि मुरलेली होते, लॅटाकियाची धार बोथटते. मुरलेला जुना डबा ताज्या डब्याशेजारी ठेवून दिलेला निकाल काळाचं श्रेय कारागिराला देतो. म्हणून चांगल्या नोंदीत डब्याचं वय, ओलावा, पाइप आणि प्रत्येक टप्प्यावर कोणतं पान पुढे आलं, हे सगळं असतं. नुसत्या 'आवडलं'वरून फक्त लिहिणाऱ्याची रुची कळते. अशा नोंदीवरून मात्र मिश्रण बांधणाऱ्याने कोणता तोल साधायचा प्रयत्न केला आणि तो कुठवर साधला, हे तिऱ्हाइतालाही पडताळून पाहता येतं.