एका जागेसाठी सव्वीस!

इंग्लंडमधील हॉल्टमप्राइस अँड हाउडन हा मतदारसंघ हुजूर पक्षाचा जुना गड होता. दहशतवादाच्या संशयितांना आरोपाविना ४२ दिवस कोठडीत ठेवू देणारे विधेयक ११ जून २००८ रोजी कॉमन्स सभागृहात ३१५ विरुद्ध ३०६ मतांनी संमत झाले. निषेध म्हणून या मतदारसंघाचे खासदार डेव्हिड डेव्हिस यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा जाहीर केला आणि पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले.

मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट या पक्षांनी उमेदवारच दिला नाही. मोकळ्या मैदानात हौशे, नवशे, गवशे उतरले आणि मतपत्रिकेवर तब्बल २६ नावे आली. सरड्यांसारखे परग्रहवासी जगावर राज्य करतात असे सांगणारे डेव्हिड आइक यांना ११० मते पडली. विनोदासाठीच निवडणुका लढवणारा मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पक्षही होताच. ५०० पौंडांची अनामत वाचवायला पाच टक्के मते पुरतात (आपल्याकडे एकषष्ठांश लागतात), तरी २३ जणांची जप्त झाली.

डेव्हिस सुमारे ७२ टक्के मते मिळवून जिंकले. मतदान मात्र जेमतेम ३४ टक्के. लढतीतला थरार आधीच संपला होता. ऑक्टोबरमध्ये लॉर्ड्स सभागृहाने ४२ दिवसांची तरतूद फेटाळली आणि सरकारने ती सोडून दिली.