कोल्हापूरची रेल्वे, उजळाईवाडीचे विमान आणि मधले नऊ किलोमीटर

कोल्हापुरात रेल्वेही येते आणि विमानही; मात्र या दोहोंची गाठ पडत नाही. मिरजेहून पश्चिमेकडे आलेला लोहमार्ग शाहूपुरीलगतच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर संपतो. विमानतळ आहे शहराच्या आग्नेयेस सुमारे ९ किलोमीटरवर, उजळाईवाडीच्या माळावर. तेथवर रूळ जात नसल्याने विमानतळासाठीचे मुख्य रेल्वे स्थानकही हे टर्मिनसच होय.

दोन्ही सोयी संस्थानी काळातील आहेत. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली, तेव्हा राजर्षी शाहूंच्या हाती प्रत्यक्ष कारभार यायला तीन वर्षे अवकाश होता. कारभार हाती आल्यावर पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविण्यात आली, ती स्थानकाशेजारीच. गुळाचे रवे बैलगाडीतून पेठेत आणि पेठेतून थेट वाघिणीत, असा तो सरळ हिशेब होता. पुढे याच मार्गावर जयसिंगपूर वसले. रेल्वे आणि बाजार यांचा सांधा असा विचारपूर्वक जुळविण्यात आला. शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत, १९३९ मध्ये, विमानतळ झाला. विमानाने जाणारे तेव्हा मूठभर, आणि त्यांच्या दिमतीला मोटारी होत्याच.

आज परिस्थिती निराळी आहे. अनेक वर्षे कधी सुरू, तर कधी बंद असलेली प्रवासी विमानसेवा २०१८ मध्ये ‘उडान’ योजनेतून पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन झाले. आता विमानाने जाणाऱ्या प्रत्येकाच्या दारात मोटार असतेच असे नाही. सांगली वा जयसिंगपूरहून रेल्वेने निघालेल्या प्रवाशाचेच उदाहरण घ्यावे. त्याची गाडी रुकडी, वळिवडे अशी विमानतळाच्या उत्तरेस काही किलोमीटर अंतरावरून पुढे जाते, त्याला शहरात नेऊन सोडते आणि तेथून तो रिक्षाने पुन्हा उलट्या दिशेने उजळाईवाडी गाठतो. कागल-निपाणीकडील एसटी गाड्या महामार्गाने जातात खऱ्या. पण त्या विमानाच्या वेळा पाहून सुटत नाहीत आणि महामार्गावर उतरल्यानंतर सामान घेऊन पुढचे अंतर काटायचे ते वेगळेच.

मग वळिवड्यालाच विमानतळाचे स्थानक का करू नये? कल्पना आकर्षक आहे. पण बेंगळुरूचा अनुभव पाहावा. तेथे विमानतळाजवळून जाणाऱ्या जुन्या मार्गावर २०२१ मध्ये थांबा सुरू झाला, टर्मिनलपर्यंत बसही देण्यात आली. तथापि गाड्या मोजक्या आणि त्यांच्या वेळा गैरसोयीच्या, त्यामुळे प्रतिसाद अल्पच राहिला. याउलट चेन्नईचे तिरुसुलम स्थानक विमानतळासमोरच आहे आणि तेथे काही मिनिटांना लोकल येते. म्हणजे स्थानक जवळ असणे एक, आणि त्यावर गाडी येणे दुसरे. मिरज-कोल्हापूर हा एकेरी मार्ग आहे. त्यावर लोकलसारखी वर्दळ बसविणे सोपे नाही.

शिवाय संख्या पाहावी. कोल्हापुरास येणारी विमाने साधारण ५० ते ८० आसनांची. एका विमानाचे सारे प्रवासी दोन बसगाड्यांत मावतात. त्यांच्यासाठी रेल्वे म्हणजे मुंगीसाठी हत्ती जुंपण्यासारखे आहे. तेव्हा आजचे उत्तर रुळांवर नाही, रस्त्यावर आहे. टर्मिनस आणि मध्यवर्ती बसस्थानक एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, ही कोल्हापूरची मोठी सोय. या दोन्ही ठिकाणांहून, प्रत्येक उड्डाणाच्या दीड-दोन तास आधी विमानतळावर पोहोचेल आणि उतरलेल्या प्रवाशांना घेऊनच परतेल अशी बस हवी. विमानास उशीर झाला तर बसही थांबली पाहिजे. घड्याळाकडे पाहून रिकामी परतणारी बस प्रवासी एकदाच अनुभवतो, दुसऱ्यांदा तो सरळ रिक्षा करतो.

रुळांचा प्रश्न उरतो तो भविष्यासाठी. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झालेला कोल्हापूर-वैभववाडी मार्ग कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेस जाणारा आहे. उजळाईवाडीस त्याचा उपयोग नाही. निपाणीमार्गे बेळगावला रेल्वेने जोडण्याची जुनी मागणी मात्र दक्षिणेकडची आहे. असा मार्ग महामार्गाच्या बाजूने आखला गेला, तर तो गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींबरोबरच विमानतळाच्याही जवळून जाऊ शकेल. त्या पट्ट्यातील जमिनींवर कारखाने आणि घरे वेगाने उभी राहत आहेत. स्थानकापुरती जागा राखायची, तर ती मोकळी असेतोवरच राखता येईल.