मिररलेस कॅमेऱ्यासाठी गिंबल निवडताना

दरवर्षी सप्टेंबर महिना जवळ आला की अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांना श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावच्या मतमाउली यात्रेचे वेध लागतात. पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेला राज्याच्या निरनिराळ्या भागांतून भाविक येतात आणि त्यांत इतर धर्मांचे बंधुभगिनीही मोठ्या संख्येने असतात. वार्धक्यामुळे वा आजारपणामुळे ज्यांना प्रवास झेपत नाही, ते घरीच मोबाइलच्या पडद्यावर यात्रेचे दर्शन घडावे म्हणून वाट पाहत असतात. त्यामुळेच की काय, अलीकडे युवक मंडळांकडून आमच्याकडे एक प्रश्न वारंवार येतो, "फादर, धर्मग्रामाने मिररलेस कॅमेरा घेतला आहे. आता गिंबल कोणता घ्यावा?"

या प्रश्नाला एखाद्या कंपनीचे नाव सांगून उत्तर देणे सोपे आहे. आम्हीही एकदा तसे केले होते. एका धर्मग्रामातील युवकांनी घरोघरी वर्गणी गोळा करून गिंबलसाठी पैसे जमवले व आमचा सल्ला विचारला. आम्ही त्यांच्या कॅमेऱ्याचे नाव तेवढे ऐकले, त्यावर कोणती लेन्स लावतात हे विचारले नाही, आणि एक हलका, स्वस्त गिंबल सुचवला. सणाच्या मिरवणुकीत जेमतेम वीस मिनिटे गेली असतील, तोच गिंबलच्या मोटरी थरथरू लागल्या व थोड्याच वेळात तो बंद पडला. उरलेली मिरवणूक मुलांनी नुसत्या हाताने टिपली. ती चित्रफीत अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना दाखवली, तेव्हा दोन मिनिटांतच त्या म्हणाल्या, "बाळांनो, बंद करा, मला गरगरतंय." दोष यंत्राचा नव्हता, विक्रेत्याचाही नव्हता. वजन न विचारता दिलेला सल्ला आमचाच होता. तो अनुभव स्मरून हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडत आहोत.

गिंबल म्हणजे काय?

एकात एक बसवलेली व वेगवेगळ्या आसांवर फिरणारी कडी असली, की बाहेरचे कडे कसेही कलले तरी आतील वस्तू सरळ राहते. हे गिंबलचे मूळ तत्त्व असून ते फार प्राचीन आहे. तेराव्या शतकातील फ्रेंच रेखाटनकार व्हिलार द ओनकूर याच्या वहीत अशाच कड्यांमध्ये टांगलेल्या निखाऱ्यांच्या एका धातूच्या गोळ्याचे चित्र आहे. थंडीच्या दिवसांत मोठ्या मिस्साविधीच्या वेळी महागुरुस्वामींना हात शेकता यावेत यासाठी ती योजना होती. गोळा हातात कसाही फिरवला तरी निखारे सांडत नसत. ही वही आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेली आहे. पुढे सोळाव्या शतकात इटलीतील विद्वान जेरोलामो कार्डानो यांनी अशा रचनेचे वर्णन केले, आणि जहाजांवरील होकायंत्रेही याच पद्धतीने टांगली जाऊ लागली.

चित्रपटसृष्टीत १९७०च्या दशकात गॅरेट ब्राऊन यांनी 'स्टेडीकॅम' हे साधन घडवले. त्यात स्प्रिंगचा बाहू व वजनांचा तोल यांच्या साहाय्याने चालत्या माणसाच्या अंगावरील कॅमेरा स्थिर राहत असे. १९७६ सालच्या 'रॉकी' चित्रपटातील धावण्याची दृश्ये त्याच साधनाने टिपली गेली. आजचा हातातील गिंबल मात्र विजेवर चालतो. त्यातील संवेदक कॅमेरा कोणत्या दिशेला किती कलला हे दर क्षणी मोजतात आणि तीन मोटरी त्याच्या उलट दिशेने फिरून तो कल दुरुस्त करतात. एक मोटर डावी-उजवीकडील वळण सांभाळते, दुसरी वर-खाली झुकणे आणि तिसरी कॅमेरा एका कुशीला कलंडणे. यांनाच अनुक्रमे पॅन, टिल्ट व रोल म्हणतात.

मिररलेस कॅमेऱ्यात पूर्वीच्या एसएलआर कॅमेऱ्यातील आरसा नसतो. २००८ साली पॅनासॉनिकने असा पहिला कॅमेरा बाजारात आणला. आरसा गेल्याने कॅमेऱ्याची जाडी व वजन घटले आणि एका हातात मावेल असा गिंबल सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

प्रथम काटा, मग दुकान

खरेदीचा पहिला नियम असा की, कॅमेऱ्याचे नव्हे तर संपूर्ण साजाचे वजन करावे. त्यात कॅमेरा, बॅटरी, कार्ड, लेन्स, फिल्टर, माइक आणि तळाची पट्टी हे सारे आले. त्यासाठी खास साधन लागत नाही. गावातील किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरेसा आहे.

उदाहरणादाखल काही आकडे पाहू. सोनीच्या ए६४०० कॅमेऱ्याचे वजन बॅटरीसह सुमारे ४०३ ग्रॅम आहे व त्याची १६-५० मिमीची छोटी लेन्स ११६ ग्रॅमची आहे. दोन्ही मिळून अर्धा किलोच्या आसपास. ए७ तिसरी आवृत्ती ६५० ग्रॅमची असून तिच्यासोबत मिळणारी २८-७० मिमीची लेन्स २९५ ग्रॅमची, म्हणजे बेरीज साडेनऊशे ग्रॅमच्या घरात. परंतु त्याच कॅमेऱ्यावर २४-७० मिमी एफ २.८ ही पहिल्या आवृत्तीची ८८६ ग्रॅमची लेन्स चढवली की बेरीज दीड किलोच्या वर जाते. माइक व पट्टी धरून ती १६०० ग्रॅमच्या पुढे सरकते. आमच्या त्या युवकांच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. कॅमेरा तोच, पण लेन्स जड, आणि गिंबल सव्वा किलोच्या आतील भारासाठी बनवलेला.

आता गिंबलची क्षमता पाहू. डीजेआय कंपनीचा आरएस ३ मिनी हा २०२३ सालचा गिंबल स्वतः सुमारे ८०० ग्रॅमचा असून दोन किलोपर्यंत भार पेलतो. २०२२ सालच्या आरएस ३ ची व २०२४ सालच्या आरएस ४ ची क्षमता तीन किलोची, तर आरएस ४ प्रो ची साडेचार किलोची आहे. झियुन कंपनीच्या 'क्रेन' व 'वीबिल' या मालिकांतही असेच लहान-मोठे प्रकार मिळतात. कंपनीने सांगितलेली क्षमता ही कमाल मर्यादा असते. तिच्या तीन-चतुर्थांशाइतक्या भारावर समाधान मानावे, असे आम्ही आता सुचवतो. दोन किलोच्या गिंबलवर दीड किलो पुरे. मोटरीला श्वास घेण्यास जागा राहिली, तर ती तापत नाही व बॅटरीही अधिक काळ टिकते.

वजनाइतकेच महत्त्व आकाराला आहे. काही लांब लेन्स वजनात बसतात, पण खाली झुकवताना गिंबलच्या दांड्याला अडतात. कधी मागील मोटर कॅमेऱ्याचा पडदाच झाकते. म्हणून आपला कॅमेरा व नेहमीची लेन्स सोबत नेऊन, प्रत्यक्ष बसवून, सर्व दिशांना फिरवून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

तोल आधी, वीज नंतर

पुष्कळांचा असा समज असतो की, गिंबल चालू केला की तोल आपोआप साधतो. वस्तुतः गिंबल बंद असतानाच कॅमेऱ्याचा तोल हाताने साधावा लागतो. लेन्स समोर असो वा आकाशाकडे, हात काढून घेतल्यावर कॅमेरा जिथल्या तिथे राहिला पाहिजे. मग तो कुशीला कलंडत नाही ना, हे पाहावे. शेवटी गिंबलचा दांडा आडवा धरून पॅनचा बाहू आपोआप घसरत नाही ना, हे तपासावे. एवढे झाल्यावरच कळ दाबावी. तोल बिघडलेला असेल तर मोटरी सतत वजन ओढत राहतात आणि चित्रात बारीक थरथर उमटते.

येथे लेन्सची निवड आड येते. झूम करताना जी लेन्स पुढे लांबते, तिचा तोल दर वेळी ढळतो. अशा लेन्सचा तोल मधल्या झूमवर साधावा व चित्रण करताना झूम शक्यतो बदलू नये. ज्या लेन्स चालू होताच पुढे येतात, त्यांचा तोल कॅमेरा चालू ठेवूनच साधावा. सोनीची १६-३५ मिमी एफ ४ पॉवर झूम ही ३५३ ग्रॅमची लेन्स आतल्या आत झूम होते. गिंबलला अशी लेन्स मानवते.

अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत संवेदक स्थिर ठेवण्याची अंतर्गत सोयही असते. गिंबल व ही सोय एकाच वेळी चालू असता रुंद कोनाच्या लेन्समध्ये चित्राच्या कडा लचकताना दिसू शकतात. म्हणून दोन्ही पद्धतींनी एकेक मिनिटाचे चित्रण करून पाहावे व जे डोळ्यांस बरे वाटेल ते ठेवावे. चर्चमधील ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ चौकटी व शटर १/५० ठेवल्यास आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेची लुकलुक सहसा चित्रात येत नाही.

हात, पाय आणि पाऊस

आरएस ३ सारखा गिंबल स्वतः सुमारे १.३ किलोचा आहे. त्यावर दीड किलोचा साज चढला की भार तीन किलोच्या जवळ पोहोचतो. दुकानात तो जाणवत नाही. घरी तीन किलो साखरेची पिशवी छातीसमोर धरून अर्धा तास उभे राहून पाहावे, म्हणजे मिरवणुकीच्या उत्तरार्धात हाताची काय अवस्था होईल याची कल्पना येईल. गिंबल आळीपाळीने कोणी धरायचा, हे मंडळाने आधीच ठरवावे.

दुसरी गोष्ट चालीची. तीन मोटरींचा गिंबल कलणे व वळणे दुरुस्त करतो, परंतु पावलागणिक शरीर जे वर-खाली होते, त्यावर त्याचा इलाज नाही. तो इलाज चालणाऱ्याच्या गुडघ्यांत आहे. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी व बोटे नंतर टेकवत, लहान पावले टाकावीत. आपल्या जिल्ह्यातील दुष्काळी गावांत डोक्यावर भरलेला हंडा घेऊन येणाऱ्या माताभगिनींची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. पाणी हिंदकळू नये म्हणून त्या जशा चालतात, तसेच गिंबल धरणाऱ्याने चालावे. त्याचा आठ-पंधरा दिवस सराव करावा.

तिसरी गोष्ट पावसाची. आपल्या जिल्ह्याचा पुष्कळसा भाग पर्जन्यछायेत असला, तरी सप्टेंबरमध्येच येथे चांगला पाऊस होतो. बहुतेक गिंबल पाणी सोसण्यासाठी बनवलेले नसतात. छत्री धरणारा एक सोबती व साजावर टाकण्यास प्लास्टिकचे आवरण, ही तयारी यात्रेच्या दिवशी हवीच.

खरोखर गिंबलच हवा का?

खरेदीपूर्वी हा प्रश्न मनाशी विचारावा. प्रवचन, ख्रिस्तप्रसादविधी, लग्नातील वचने हे सारे एका जागी घडते. तेथे चांगला ट्रायपॉड गिंबलहून अधिक उपयोगी पडतो. शब्दच ऐकू येत नसतील तर चित्र कितीही स्थिर असले तरी व्यर्थ. ज्या धर्मग्रामाकडे चांगला माइक नाही, त्याने आधी माइक घ्यावा. केवळ चालत-चालत थोडेसे टिपायचे असेल, तर डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ हा २०२३ साली आलेला, गिंबल अंगभूत असलेला १७९ ग्रॅमचा छोटा कॅमेराही विचारात घेण्याजोगा आहे. वर्षातून दोनदाच गरज लागत असेल, तर ओळखीच्या लग्न-छायाचित्रकाराकडून एक दिवसासाठी भाड्याने मिळतो का, ते पाहावे.

विकत घेण्याचे ठरलेच, तर पक्के बिल व वॉरंटी घ्यावी. आपल्या कॅमेऱ्याचे नाव कंपनीच्या सुसंगत कॅमेऱ्यांच्या यादीत आहे का, बॅटरी काढता येते की आत बंदिस्त आहे, आणि दुरुस्ती कुठे होते, हे तीन प्रश्न विसरू नयेत.

उपासनेतील संयम

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक घोषणापत्रात (१९६३) पवित्र विधींचे प्रक्षेपण विवेकाने व प्रतिष्ठा राखून, जबाबदार व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली व्हावे, असे सांगितले आहे. गिंबल हाती आला की वेदीभोवती फिरण्याचा मोह होतो. तो आवरावा. मिस्सा चालू असताना कॅमेरा ट्रायपॉडवर एका बाजूस असावा. गिंबलची जागा बाहेरच्या मिरवणुकीत, यात्रेच्या वाटेवर, भेटीगाठींच्या आनंदात आहे. प्रार्थनेत मग्न असलेल्या वा अश्रू ढाळणाऱ्या भाविकाच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा नेण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी.

१९०३ साली राहुरी तालुक्यातील केंदळसारख्या खेड्यातून जेझुईट मिशनरी हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक सुरू केले. तेव्हा निरोप कागदावरून घरोघरी जात असे, आज तो पडद्यावरून जातो. पोहोचवणाऱ्याची जबाबदारी मात्र तीच आहे. त्या युवकांनी पुढे आपला गिंबल फिरवून पाहिला व हलकी लेन्स लावून तोच उत्तम चालतो, हे त्यांना कळून आले. नवीन काही घ्यावे लागले नाही. पुढच्या सणाची चित्रफीत त्या आजींनी शेवटपर्यंत पाहिली. वर्गणीच्या पैशातून वस्तू घेणाऱ्या प्रत्येक मंडळाने काटा, तोल आणि सराव या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.