मेलेली कोंबडी आणि भोपाळची प्रयोगशाळा

गेल्या रविवारी मिस्सानंतर एका मावशींनी विचारले, “फादर, दोन दिवसांत परसातल्या पाच कोंबड्या गेल्या. मानमोडीच असेल ना?” मी म्हणालो, “मावशी, ते मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही. मेलेल्या कोंबड्या कुठे आहेत?” त्या नाल्यात टाकून झाल्या होत्या. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ सालच्या जानेवारीअखेर कोंबड्या मरू लागल्या. तिथल्या पोल्ट्रीवाल्यांनीही ती मानमोडी, म्हणजे राणीखेत, आहे असेच मानले. लक्षणे इतकी सारखी असतात की त्यांना दोष देववत नाही. पुढे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला बर्ड फ्लू जाहीर झाला. भारतातील ती पहिलीच साथ. मध्ये तीन आठवडे निघून गेले होते. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. मार्चमध्ये रोग जळगावात आणि मग आपल्या मध्य प्रदेशातील बऱ्हाणपुरात आढळला. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपासले. देवकृपेने एकालाही लागण झालेली नव्हती.

हा विषाणू ओळखायचा कसा? जुनी रीत अशी : नऊ ते अकरा दिवस उबवलेल्या अंड्यात नमुना टोचायचा आणि विषाणू वाढण्याची वाट पाहायची. कोंबडीचा रोग शोधायला कोंबडीचेच अंडे! ही रीत खात्रीची आहे व आजही वापरात आहे, पण तिला कित्येक दिवस लागतात आणि तेवढ्यात शेजारचे खुराडे रिकामे होते.

नवी रीत जनुकीय चाचणीची. करोनाच्या काळात ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द आपण सर्वांनी ऐकला, ती हीच. प्रत्येक विषाणूच्या जनुकात त्याचा असा खास मजकूर असतो. यंत्र नमुन्यातून नेमका तेवढाच तुकडा शोधते व त्याच्या प्रती काढते. एकाचे दोन, दोनाचे चार. बुद्धिबळाच्या पटावर दाणे मांडण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे, तोच हा हिशेब. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. फ्लूच्या विषाणूचे जनुक आरएनएचे असल्यामुळे आधी त्याची डीएनएत नक्कल करावी लागते, एवढीच एक पायरी जास्त. सारे काम काही तासांचे. ही युक्ती १९८३ साली अमेरिकेत कॅरी मुलिस यांना सुचली. १९९३ साली त्यांना नोबेल मिळाले. प्रत्येक फेरीत नमुना जवळजवळ उकळावा लागतो. तो ताप सोसणारे रसायन मिळाले गरम झऱ्यातल्या जंतूपासून. वज्रेश्वरीची कुंडे पाहिलेल्यांना त्याचे नवल वाटेल; मला तर अजून वाटते.

भोपाळ आपल्यापासून सुमारे १९० किलोमीटर. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदूरमध्ये कावळे मरून पडले. नमुने भोपाळला गेले आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बर्ड फ्लूचा एच५एन८ हा प्रकारही कळला होता. नवापूरचे तीन आठवडे आठवा. यंत्राला तेव्हाही आठवडे लागत नव्हते. वेळ जातो तो आपल्या अंगणात.

तेव्हा एकदम दोनचार कोंबड्या मेल्या तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, कापू नका, ओढ्यानाल्यात टाकू नका. मुलांना व कुत्र्यांना दूर ठेवा. नमुना डॉक्टरांना घेऊ द्या. घसा व गुदद्वारातून बोळ्याने घेतलेला नमुना बर्फात ठेवून पाठवावा लागतो. उन्हात राहिला तर विषाणूचे जनुक नासते आणि रोग असूनही चाचणी ‘नाही’ म्हणू शकते. राहिलेल्या कोंबड्या बाजारात नेण्याची घाई करू नका. कळवले तर सगळ्याच मारतील, ही भीती मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. पण सरकार जे पक्षी नष्ट करते त्यांचीच भरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. मटण-अंडी नीट शिजवून खाणाऱ्याने घाबरू नये. ७० अंश उष्णतेला हा विषाणू मरतो.

मावशींनी सोमवारी सकाळी दवाखान्यात जाऊन कळवले आणि नाल्याची जागाही दाखवली. खुराड्यातल्या उरलेल्या तीन कोंबड्यांचे नमुने घेतले आहेत. अहवाल यायचा आहे.