चौतिसाव्या वर्षी पुन्हा वर्गात

इंदूरजवळच्या एका उपकेंद्रात मी अकरा वर्षं एएनएम होते. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, बाळंतपणं. बाळ जन्मलं की मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं 10 युनिटांचं इंजेक्शन द्यायचं, हे अंगवळणी पडलेलं. का द्यायचं? ‘रक्तस्राव होऊ नये म्हणून’, एवढंच मला ठाऊक.

चौतिसाव्या वर्षी कंत्राटी नोकरी सोडून जीएनएमला प्रवेश घेतला. एएनएमची दोन वर्षं आधी झालेली असूनही नवी तीन वर्षं पूर्ण करावी लागली. घर यांच्या एकट्याच्या पगारावर. मुलगा दहावीला, एकाच टेबलावर आमचा दोघांचा अभ्यास. सासूबाई म्हणाल्या, “पोळ्यांचं मी बघते, तू वाच.”

पहिल्याच तोंडी परीक्षेत मॅडमनी तोच प्रश्न विचारला. मी गप्प. माझ्या निम्म्या वयाच्या मुलीनं उत्तर दिलं: गर्भाशय आकसतं, त्यामुळे वार सुटलेल्या जागेतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. त्या रात्री मी खूप रडले. पुढे वॉर्डात त्याच मुलीला शीर सापडेना, तेव्हा मी तिचा हात धरून शिकवलं. तेव्हापासून आम्ही एकत्र अभ्यास केला.

आज मी नोंदणीकृत नर्स आहे. आता दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करायचं मनात आहे.

या वाटेनं येणाऱ्या मुलामुलींनो, फी भरण्याआधी कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते स्वतः तपासा. आणि वर्गात ‘का?’ विचारायला लाजू नका. मी अकरा वर्षं लाजले.