प्रयोगशाळेतला कान आणि पोटातला कान

"ताई, आता कान प्रयोगशाळेत तयार होतो म्हणे. मग मुलीला मशीन कशाला?" मोबाईल पुढे करत एका आईने आम्हाला विचारले. मुलगी दीड वर्षाची, जन्मापासून ऐकू न येणारी. प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही बसून सांगितले.

पोटातल्या बाळाचा कान चौथ्या आठवड्यातच सुरू होतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंची त्वचा थोडी जाड होते, आत खचते, मिटते आणि तिची बारीक पिशवी होते. पुढे त्याच पिशवीतून तोल सांभाळणाऱ्या नळ्या आणि ऐकण्याचा अडीच वेढ्यांचा शंख घडतो. कुठे काय व्हायचे ते शेजारी सांगतात. मेंदूकडून येणारे संदेश तोलाचा भाग घडवतात, खालच्या बाजूचे संदेश ऐकण्याचा.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात कार्ल कोलर आणि एरी हाशिनो यांनी २०१३ मध्ये उंदराच्या आणि २०१७ मध्ये माणसाच्या मूळपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, आतल्या कानाच्या गोळ्या वाढवल्या. ठरावीक दिवशी ठरावीक रसायन घालायचे. माणसाच्या केसपेशी दिसायला सुमारे दोन महिने लागले. पण बशीत शेजारी कुठून आणणार? त्यामुळे २०१७ च्या पेशी बहुतेक तोलाच्या निघाल्या. खालच्या बाजूचा संदेश बाहेरून दिल्यावर २०२३ मध्ये ऐकण्याच्या पेशींसारख्या पेशी मिळाल्या. तरी शंखाचा वेढा नाही, रक्तवाहिन्या नाहीत, मेंदूपर्यंत वाट नाही. तो बाळाला बसवायचा कान नव्हे.

गोळीचा उपयोग मात्र मोठा आहे. आपल्या एका कानात केसपेशी जेमतेम पंधरा हजार. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. टीबीच्या कानामायसिनसारख्या इंजेक्शनांनी बहिरे झालेले रुग्ण आम्ही वॉर्डात पाहिले आहेत. असे औषध केसपेशी मारते का, हे आता माणसावर न करता गोळीवर तपासता येईल.

पण मुलीचे काय? भाषा शिकण्याची वर्षे थांबत नाहीत. बाळाचे कान पहिल्या महिन्यात तपासावेत, दोष असल्यास तीन महिन्यांत निदान व्हावे, सहा महिन्यांत उपचार सुरू व्हावेत. आमच्या नोकरीच्या काळात कित्येक बाळे कान न तपासताच घरी जात, हे कबूल करतो.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. इतरत्र जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात विचारा. केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. जाताना बाळाचे डिस्चार्ज कार्ड, आधार आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.