लो-कोड विकसन

संगणकाची आज्ञावली ओळीओळीने न लिहिता, तयार घटक पडद्यावर जुळवून व्यवसायोपयोगी वेब अनुप्रयोग निर्माण करण्याची पद्धती. ‘लो-कोड’ ही संज्ञा २०१४ मध्ये फॉरेस्टर रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेने रूढ केली. मुंबई येथील फ्रॅपे कंपनीची ‘फ्रॅपे फ्रेमवर्क’ ही मुक्तस्रोत चौकट याच प्रकारची आहे. तीत ‘डॉकटाइप’ नावाच्या आराखड्यात नोंदीचे रकाने ठरविले की, माहितीसंचातील कोष्टक व पडद्यावर भरावयाचा अर्ज ही आपोआप तयार होतात. विशेष हिशेब व पडताळणी यांकरिता मात्र थोडी आज्ञावली लिहावी लागते.

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन हे प्रमुख पीक असून तेथील एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला मालाचे वजन, आर्द्रता व देय रक्कम नोंदविणारा अनुप्रयोग या पद्धतीने करता येतो. हमीभाव खरेदीतील सोयाबीनच्या आर्द्रतेची १२ टक्के ही मर्यादा केंद्र शासनाने २०२४-२५ च्या खरीप हंगामासाठी १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. असा अंक स्वतंत्र रकान्यात ठेवल्यास तो आज्ञावलीकाराविना बदलता येतो. तथापि तो चुकल्यास पात्र माल नाकारला जाऊन शेतकऱ्याचे नुकसान होते. म्हणून बदलाचा अधिकार कोणास असावा, हे आधी ठरवावे लागते. तो निर्णय साधन घेत नाही.